पाटलीणबाईंची पिवळी पुरचुंडी

मी तलवाड्याचा न्हावी. चाळिशी उलटल्यावर मुळाक्षरं गिरवली, तीही गावच्या लिंबाजी शिंप्याकडून, त्याच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्याआड बसून, कोणी बघत नाही ना हे पाहत. तेव्हा माझ्या अक्षराला हसू नका. हसलात तरी चालेल म्हणा. त्याहून मोठ्या गोष्टीची लाज मी बाळगून आहे आणि तीच इथे लिहायची आहे.

मानमोडीच्या साथीच्या तापातून उठलेली माणसं आमच्या मोगलाईत गावोगाव आहेत. जे गेले त्यांची नावं लोक हळहळून घेतात. जे उठले त्यांना नशीबवान म्हणतात. पण उठलेल्यांपैकी काहींच्या डोक्यातलं काहीबाही त्या तापातच राहिलं, हे ते कोणाजवळ बोलत नाहीत. मीही बोललो नाही. न बोलल्याने काय झालं ते वाचून एखादा जरी वेळेवर तोंड उघडेल, तर लिंबाजीने माझ्यावर घेतलेली मेहनत वाया गेली नाही असं मी समजेन.

*

ताप आश्विनात आला. तिसऱ्या दिवशी मी माणसं ओळखेनासा झालो, म्हणून माझ्या बायकोने भावाची बैलगाडी मागून आणली आणि मला गेवराईला हकीमसाहेबांच्या दवाखान्यात नेऊन टाकलं. हे सगळं तिने नंतर सांगितलेलं. मला आठवतो तो फक्त पडवीतला गवताचा बिछाना, सकाळचा कडू काढा आणि डोक्यावर सारखी बदलली जाणारी ओली फडकी. शेजारच्या बिछान्यावरचा माणूस रोज वेगळा दिसायचा. पहिला कुठे गेला, हे विचारायचं नाही एवढं सगळ्यांना कळत होतं.

ताप उतरल्यावर हकीमसाहेब रोज सकाळी येऊन मला तेच प्रश्न विचारायचे. नाव काय, गाव काय, धंदा काय. सांगता यायचं. एके दिवशी बायको पायाशी बसलेली असताना त्यांनी विचारलं, "और ये कौन है? बीवी? इसका नाम बोलो."

मी गप्प बसलो. बायकोने पदर तोंडाला लावला. पडवीत जे चारदोन जण उठून बसण्याजोगे होते ते हसले. आमच्यात नवरा बायकोचं नाव असं चारचौघांत घेत नाही, हे हकीमसाहेबांनाही ठाऊक होतं. तेही हसले आणि म्हणाले, "शरमाता है. अच्छा है. जान बची ना? बस. बाकी सब आहिस्ता आहिस्ता आता है."

मी लाजलो नव्हतो. मला तिचं नाव आठवत नव्हतं. बावीस वर्षांचा संसार, आणि माझ्या पायाशी बसलेल्या त्या बाईला काय म्हणतात हे मला सांगता येईना. पण सगळे हसत होते, तेव्हा मीही हसलो. तिथेच मला ती खोड लागली. आठवलं नाही की हसायचं, मान डोलवायची, हो म्हणायचं. समोरचा आपल्या मनाने काहीतरी समजूत करून घेतो आणि आपण सुटतो.

तिचं नाव सोना. घरी आल्यावर शेजारणीने हाक मारली तेव्हा मला ते कळलं.

*

जुनं मला सगळं आठवत होतं. कोणाच्या आज्याने कोणाची विहीर बुजवली ते विचारा, सांगतो. घोळ होता तो कालपरवाचा. सकाळचं दुपारी पुसून जाई. वस्तरा हातात घेतला की हात आपलं काम करत, ते काही विसरले नव्हते. पण एकदा मारुतीच्या पारावर एका म्हाताऱ्याचा डावा गाल झाला, तेवढ्यात कोणीतरी मला हाक मारली, दोन शब्द बोलून मी परत वळलो आणि हत्यारांची धोकटी आवरायला लागलो. म्हातारा पारावरच बसून राहिला. शेवटी म्हणाला, "का रे बे, उजव्या गालाचं निराळं बलुतं देऊ का?" सगळा पार हसला. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो.

त्याच आठवड्यात एका घरी सकाळी दाढी करून आलो आणि दुपारी पुन्हा जाऊन उभा राहिलो. त्या घरच्या बाईने हसून पाणी दिलं. घरी येऊन मी सोनावर खेकसलो, ताटात भाकरी गार का म्हणून. दिवसभराची लाज मी घरी आणून तिच्या अंगावर ओतत असे. ती मात्र सकाळी मी निघताना दारात उभी राहून म्हणायची, "आज वेशीपल्याडची घरं हायती बरं का." मी म्हणायचो, मला ठाऊक आहे. ठाऊक नसायचं. तिने सांगितलं म्हणून मी बरोबर घरी पोचायचो आणि तिचे उपकार मात्र मानायचो नाही.

*

आता आवतणाचं सांगतो, कारण सगळं त्यावर आहे.

आमच्याकडे लग्नाचं आवतण न्हाव्याने द्यायचं असतं. लग्नघरची बाई त्याच्याजवळ सुपारी आणि हळदीच्या अक्षता देते. तो घरोघर, गावोगाव जातो, दारात उभा राहतो आणि तोंडाने सांगतो. कोणाला घरटी एका माणसाचं आवतण, कोणाला चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही, पोराबाळांसकट जेवायला यायचं. कोणाला कुठलं, हे न्हाव्याने डोक्यात ठेवायचं. न्हाव्याच्या तोंडून शब्द आल्याशिवाय सख्खा भाऊसुद्धा मांडवात पाय टाकत नाही. मांडव डोळ्यांना दिसत असला तरी नाही.

माझ्या बापाला साठ साठ घरं तोंडपाठ असायची. मलाही असत, तापाच्या आधी.

वैशाखात आमच्या पाटलांच्या मुलीचं, चंद्राचं, लग्न निघालं. पाटलीणबाईंचं नाव गोदाबाई, माहेर चकलांबा. त्यांना एकच भाऊ. त्या भावाला आमचं सगळं गाव चकलांब्याचे मामा म्हणतं. त्यांची आई वारली त्या वेळी तेराव्याच्या दिवशी बहीणभावांत शब्दाला शब्द लागला होता आणि दोन वर्षं जाणंयेणं बंद होतं. आता भाचीच्या लग्नाचं निमित्त झालं. मांडवात मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो. तिथे दुसरा कोणी चालत नाही.

पाटलीणबाईंनी इतरांच्या सुपाऱ्या एका फडक्यात दिल्या. भावासाठी मात्र वेगळी पुरचुंडी केली, हळदीत भिजवून वाळवलेल्या पिवळ्या कापडाची. गाठ त्यांनी स्वतः मारली. मला म्हणाल्या, "चूलबंद सांग. म्हनाव, गोदी वाट बघती. माझ्या तोंडचं सांग, शब्द गाळू नको."

मी हो म्हणालो. तेव्हाच म्हणायला हवं होतं, बाई, दुसऱ्या कोणाला तरी पाठवा, माझं डोकं जागेवर नाही. पण आवतण न देणारा न्हावी म्हणजे नुसता केस कापणारा. ते माझ्याने कबूल करवेना.

चार दिवस मी फिरलो. परत आलो तेव्हा पाय सुजलेले आणि डोकं रिकामं. पाटलीणबाई ओसरीतच वाट बघत होत्या.

"चकलांब्याला दिलंस का रे?"

मला रस्ता आठवत होता. नदीकाठची धूळ आठवत होती. दार आठवत नव्हतं.

"दिलं," मी म्हणालो.

"काय म्हनला?"

"येतो म्हणाले."

हे दुसरं तर मी त्यांनी विचारल्याबरोबर रचलं. त्यांचा चेहरा असा उजळला की तो बघून मला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं.

*

हळदीच्या दिवशी सकाळी पाटलांच्या घरच्या पुरुषांच्या दाढ्या करायला गेलो. वस्तरा घासायचा दगड काढायला धोकटीत हात घातला आणि तळाशी ती पिवळी पुरचुंडी हाताला लागली. गाठ तशीच.

इथे मी थांबून पुष्कळ दिवस विचार केला आहे, हे लिहावं की नाही. लिहितो.

लग्न दुसऱ्या दिवशी गोरजावर होतं. मी तेव्हाच उठून निघालो असतो तर दिवेलागणीला चकलांब्यात पोचलो असतो. मामा दुसऱ्या दिवशी घोडं काढून मुहूर्तापर्यंत नक्की आले असते. हा हिशोब माझ्या डोक्याने त्या क्षणी झटक्यात केला. तापाने पोखरलेल्या त्याच डोक्याने. पण त्यासाठी आत जाऊन सांगावं लागलं असतं की मी आवतण दिलं नाही, आणि 'येतो म्हणाले' हे खोटं सांगितलं. मी पुरचुंडी पुन्हा तळाशी ढकलली, दगड काढला आणि वस्तरा घासायला लागलो.

दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई दुपारपासून वेशीकडे माणूस पाठवत होत्या. वेळ झाली तसा पाटलांचा कोणी लांबचा मेहुणा चंद्राच्या पाठीशी उभा केला. पोरीने दोनदा मागे वळून पाहिलं. अक्षता पडल्या. मी मांडवाच्या खांबाशी उभा होतो आणि माझ्याही मुठीत अक्षता होत्या. पाटलीणबाई मला जवळ बोलावून एवढंच म्हणाल्या, "येतो म्हनला व्हता ना रे?" मी मान डोलावली. त्या म्हणाल्या, "मग मेला तो मला."

*

पुढचे सहा महिने मी कधी नव्हे इतकं नेमाने काम केलं. भीतीने माणूस नेमका होतो. सोनाने एक युक्ती काढली होती. ज्वारीचे दाणे माझ्या उजव्या बाजूच्या खिशात टाकायची, जितकी घरं तितके. एक घर झालं की एक दाणा डाव्या खिशात. संध्याकाळी उजवा खिसा रिकामा हवा. ही युक्ती ज्याला हवी त्याने जरूर घ्यावी, तिने माझी पुष्कळ अब्रू राखली. पण पाटलांच्या वाटेला गेलं की माझे पाय जड व्हायचे. नागपंचमीला पाटलीणबाई माहेरी गेल्या नाहीत. भावाचं नाव त्यांच्या घरात निघेनासं झालं.

दिवाळी आली. भाऊबिजेच्या संध्याकाळी सोना पाटलांच्या घरून ताक घेऊन आली ती पायरीवरच बसली. म्हणाली, "पाटलीणबाई अंगनात उभ्या हायेत. ताट घेऊन चांदाला ओवाळाया लागल्यात."

ज्या बाईला भाऊ नाही तिने बिजेच्या चंद्राला ओवाळायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. पाटलीणबाईंचा भाऊ एका दिवसाच्या वाटेवर जिवंत होता.

मी धोकटीतून पुरचुंडी काढून सोनापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. हळदीच्या सकाळचं सोडून. तेवढं तिलाही सांगितलं नाही. लग्नानंतर कधीतरी सापडली, असं म्हणालो. तिने ताकाचं भांडं बाजूला ठेवलं.

"कावून न्हाई बोललात?"

"लाज वाटली."

"मंग आता तिकडं चांदाला ओवाळत्यात ते बरं वाटतंय का?" ती उठली. "सकाळी जायाचं. मी भाकऱ्या बांधून देती."

*

चकलांब्याला पोचलो तेव्हा मामा ओसरीत बसले होते. मला पाहून उठले नाहीत, बसही म्हणाले नाहीत. मी अंगणातच उभा राहून, रस्ताभर घोकलेलं सांगून टाकलं. ताप आला, डोकं गेलं, तुमच्याकडे यायचं राहून गेलं, पाटलीणबाईंचा काही दोष नाही.

मामा माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "राहून कसं गेलं? तू आलतास."

मला वाटलं चेष्टा करताहेत.

"आलतास की. ह्याच पाटावर बसवून माझी दाढी केलीस. आमच्या घरच्यांनी भाकरी वाढली, ती खाल्लीस. पाऊसपानी, तुझं दुखनं, समदं बोललास. गावात मांडव पडलाय ते मला लोकांकून कळलंतं. मी म्हनलं आता आवतन काढील, आता काढील. तू उठलास. मी येशीपतुर आलो तुझ्या मागं. तू रामराम केलास अन् गेलास."

मी खाली बसलो. ओसरी पाहिली, पाट पाहिला. काही म्हणजे काही ओळखीचं वाटेना.

"मला वाटलं गोदीनं मुद्दाम धाडलं," मामा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "न्हावी दारात पाठवायचा अन् आवतन द्यायचं न्हाई. ह्याच्यापरीस मोठं पायतान तोंडावर कंचं असतंय, सांग."

मी पुरचुंडी त्यांच्या पुढे धरली. ती घेण्याआधी ते म्हणाले, "असं न्हाई. द्यायचं तसं दे. उभा ऱ्हा."

मी उभा राहिलो. शेजारपाजारचे दारात आले होते. चंद्रा सहा महिने झाले सासरी नांदत होती, आणि मी त्या अंगणात तिच्या लग्नाचं आवतण दिलं. "तलवाड्याच्या पाटलांच्या घरून आवतन हाय. चंद्राबाईचं लगीन हाय. चूलबंद यावं, लेकराबाळासकट यावं. मामानं पाठीशी उभं ऱ्हायाला यावं. गोदाबाई म्हनत्यात, गोदी वाट बघती."

एकही शब्द गळला नाही. मामींनी दारात तोंडाला पदर लावला. मामांनी दोन्ही हातांनी पुरचुंडी घेतली आणि म्हणाले, "आलो."

*

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच गाडीत बसून आम्ही तलवाड्याला आलो. वाटेत मामा माझ्याशी चांगले बोलले. दुखण्याला माणूस काय करणार, म्हणाले. मला ते ऐकून हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाची लाजही वाटत होती.

पाटलीणबाई दारात आल्या. भावाला बघून जागच्या जागी थांबल्या. मामांनीच सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा नीट आणि माझी बाजू घेऊन. पाटील म्हणाले, "मानमोडीनं लई मानसं अशी झालीत." सोना कुंपणाशी उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्यांनी मला माफ करून टाकलं होतं. फक्त मी काही बोलायचं नव्हतं.

पाटलीणबाईंनी पुरचुंडी हातात घेतली. गाठीवरून बोट फिरवलं. "गाठ माझीच हाय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "कवा घावली ही तुला?"

लग्नानंतर कधीतरी, म्हटलं असतं तर झालं असतं. आठवत नाही, म्हटलं असतं तरी चाललं असतं. आठवत नाही म्हणण्याचा हक्क मला त्या तापाने दिलाच होता, आणि त्या अंगणात एकही माणूस नव्हता ज्याने विश्वास ठेवला नसता.

"हळदीच्या सकाळी," मी म्हणालो.

मामांनी मान वळवली. पाटील आत गेले. सोनाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्या दवाखान्यात तिच्याकडे पाहिलं असेन, हा कोण माणूस म्हणून.

"लगीन व्हायच्या आधी," पाटलीणबाई हळू म्हणाल्या.

"व्हय."

"जाता आलं असतं?"

"आलं असतं."

त्यांनी भावाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. बीज उलटून दोन दिवस झाले होते, तरी ओवाळलं. मी तिथेच उभा होतो, जा म्हणेपर्यंत जायचं कसं म्हणून. ताट खाली ठेवून त्या माझ्याजवळ आल्या आणि ती पुरचुंडी, गाठ न सोडता, माझ्या हातात परत दिली. "ठेव तुझ्यापाशी," एवढंच म्हणाल्या.

पाटलांनी माझं काम काढून घेतलं नाही. दाढीला मी अजून जातो. आवतणाला मात्र माझा चुलतभाऊ जातो, ते बरोबरच झालं. आठवड्यानंतर मी लिंबाजीकडे गेलो आणि म्हणालो, मला लिहायला शिकव. तापातून उठलेल्यांना माझं सांगणं एवढंच, की विसरलात तर सांगून टाका. लोक हसतील, ते सोसतं. आठवून गप्प बसलात ते सोसत नाही, निदान मला सोसत नाही.

सोना दोन महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. मग एका सकाळी माझ्या उजव्या खिशात ज्वारीचे दाणे टाकले आणि म्हणाली, "आज सात घरं हायती."

विसरणं गेलेलं नाही. परवा वस्तरा चुलीपाशी ठेवला आणि दिवसभर शोधला. पुरचुंडी धोकटीच्या तळाशी आहे. दगड काढायला हात घातला की आधी ती लागते.